दोन पूर्णा: नदीच्या माशांचीं नांवें व मत्स्यबीजाचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यासंबंधीचे जुने कागद वाचतांना त्यांत ‘पूर्णा’ हें नांव आलें म्हणजे ती कोणती पूर्णा, हा प्रश्न वाचकानें प्रथम सोडविला पाहिजे. जिल्ह्याच्या उत्तर भागांत, मलकापूर-शेगांवकडील पयनघाटांतून वाहणारी पूर्णा पश्चिमेस जाऊन तापीस मिळते व तिचें पाणी अखेर पश्चिम समुद्रास पोंचतें. दक्षिणेस देऊळगांव राजा व सिंदखेड राजा ह्या बाजूची खडकपूर्णा ही दुसरी. तिचें पाणी गोदावरीवाटे पूर्वसमुद्रास जातें. पैनगंगेचा उगमहि ह्याच जिल्ह्यांतील अजिंठ्याच्या डोंगरांत आहे, व तीहि वर्धा-प्राणहितेच्या मार्गानें गोदावरीचीच होते. म्हणजे घाटावर पडलेला पाऊस एका उतारावरून एका समुद्राकडे व दुसऱ्या उतारावरून दुसऱ्या समुद्राकडे जातो. मनुष्य, बैल व कागद हे घाट चढतात आणि उतरतात. नदीचा मासा मात्र घाट ओलांडीत नाहीं. त्याला कोणी उचलून पलीकडे नेलें तरच तो पलीकडे जातो. ह्या उचलून नेण्याचा इतिहास, आणि त्यांत माशाच्या नांवाला आलेलें महत्त्व, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय वरवर प्राणिशास्त्राचा दिसला तरी त्यांतील एक मोठा प्रश्न नामनिश्चितीचा, म्हणजे आपल्याच धंद्याचा आहे, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम साधनांविषयीं. आपल्या दप्तरांत पाण्याची नोंद होते ती बहुधा त्या पाण्यापासून कांहीं उत्पन्न येत असेल तेव्हां, किंवा त्यावरून तंटा झाला असेल तेव्हां. आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत मेहकर सरकारांतील लोणारचा उल्लेख आहे. त्या क्षेत्रास ब्राह्मण विष्णुगया म्हणतात असें सांगून कांच व साबण करण्यास लागणारे क्षार तेथें मिळतात व त्यांचें उत्पन्न चांगलें येतें, हें अबुल फजलनें नमूद केलें आहे. ज्या खाऱ्या पाण्यांत मासा जगत नाहीं त्याची नोंद बादशाही ग्रंथांत आली. आणि ज्या पूर्णेच्या व पैनगंगेच्या डोहांवर भोई-ढीवरांचीं घरें चाललीं त्या डोहांतील माशांविषयीं दप्तरें बव्हंशीं मुकीं राहिलीं. मासेमारीचें देणें मोहतर्फ्यासारख्या धंद्यांवरील करांच्या बाबींत मिसळून जाई. त्यामुळें धंद्याचें नांव व रक्कम राहिली, माशाचें नांव राहिलें नाहीं. कागदांत मासा नाहीं म्हणून नदींत मासा नव्हता असें अनुमान मात्र कोणी करूं नये.

ह्याहून प्राचीन साधनें अधिक बोलकीं आहेत. कौटिलीय अर्थशास्त्राची म्हैसूर येथील शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेली प्रत सर्वांच्या परिचयाची आहे. त्यांत बांधलेल्या जलाशयांतील मासे, नावा व भाजी यांवर राजाचें स्वामित्व सांगितलें आहे, आणि सूनाध्यक्षाच्या प्रकरणांत संरक्षित पशु, पक्षी व मासे मारणारास दंड सांगितला आहे. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत, अभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यानंतर, अवध्य ठरविलेल्या प्राण्यांच्या यादींत कांहीं माशांचीं नांवें स्पष्ट दिलीं आहेत. अनठिक-मच्छ व संकुज-मच्छ हीं त्यांतलींच. शिवाय तीन चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा व त्यांच्या लगतच्या तिथि, तसेंच उपोसथाचे दिवस ह्या दिवशीं मासे मारूं नयेत व विकूं नयेत, अशी आज्ञा आहे. त्याच लेखांत ‘केवट-भोग’ हा शब्द येतो. ढीवरांकडे राखून ठेविलेलें पाणी असा त्याचा अर्थ घेतात. ह्या आज्ञेचा हेतु धर्माचा आहे, मत्स्यवृद्धीचा नव्हे, हें विसरतां कामा नये. तथापि आषाढी पौर्णिमा ज्या ऋतूंत येते त्याच ऋतूंत नद्यांचे अनेक मासे अंडीं घालण्यास प्रवाहाविरुद्ध चढतात. त्या दिवसांत हात आवरल्याचा लाभ पाण्यास होत असल्यास नवल नाहीं.

आपल्या प्रदेशास अधिक जवळचें साधन म्हणजे मानसोल्लास. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर याचा हा ग्रंथ, त्यांत शके १०५१ (इ. स. ११२९) ह्या वर्षाचा निर्देश आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत श्रीगोंदेकरांनीं त्याचें संपादन केलें असून पहिला भाग १९२५ सालीं निघाला. त्यांतील मत्स्यविनोद ह्या अध्यायांत माशांचे समुद्रांतले व नदींतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, लहान व मोठे असे भेद केले आहेत. सुमारें पस्तीस जातींचीं नांवें दिलीं आहेत, आणि कोणत्या माशास कोणतें खाद्य घालून पाण्याशीं लावावा व गळानें कसा धरावा हें सविस्तर सांगितलें आहे. राजाच्या करमणुकीचा ग्रंथ असल्यामुळें त्यांत मासा एकेक ओळखून पाहिलेला आहे. कलकत्त्याचे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९४८ ते १९५१ ह्या काळांत अर्थशास्त्र, पांचवा स्तंभलेख व मत्स्यविनोद ह्या तिहींवर क्रमानें लेख लिहून त्यांतील माशांची ओळख पटविण्याचा प्रयत्न केला. संस्कृत व प्राकृत शब्दांसमोर जिवंत मासा ठेवून पाहण्याचा हा मार्ग मराठी कागदांच्या बाबतींत अजून पुरता चोखाळला गेलेला नाहीं.

धर्मभावनेनें राखलेल्या डोहांचीं उदाहरणें महाराष्ट्रांत आजहि आहेत. महाड तालुक्यांत काळ नदीवर वाळणकोंड येथें वरदायिनी देवीच्या डोहांतील महासीर मासे कोणी मारीत नाहीं. वाडे तालुक्यांत वैतरणेच्या कांठीं तिळसे येथील शिवमंदिरापाशींहि तीच रीत आहे. ह्या रक्षणाची पद्धत लक्षांत घेण्याजोगी आहे. येथें एखाद्या जातीच्या माशास अभय नसून एका जागेस अभय आहे, आणि त्या जागेंत जो मासा पिढ्यान्‌पिढ्या राहत आला तोच राखला जातो. बाहेरून आणून कोणी तेथें सोडावा ही कल्पनाच त्यांत नाहीं.

आतां अर्वाचीन काळाकडे वळूं. कर्नल विल्यम हेन्री साइक्स याची एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत, १८२४ सालीं, मुंबई सरकारचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर म्हणून नेमणूक झाली. दख्खनच्या मुलखांत फिरतांना त्यानें लोकसंख्या, वजनें-मापें व पिकें यांच्याबरोबर नद्यांतील मासेहि टिपले, व तो निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें मांडला; १८३९ सालीं त्याचा सारांश छापला गेला. आपल्या दृष्टीनें त्या निबंधाचें मोल असें कीं, नव्या जातींस लॅटिन नांवें देतांना साइक्सनें अनेक ठिकाणीं कोळ्या-भोयांच्या तोंडचा मराठी शब्दच घेतला. खुद्री, मुसुल्ला, बोगट, शिंगटी, गुंगवारी, ताकरी हे शब्द अशा रीतीनें जगाच्या शास्त्रीय कोशांत गेले. अर्थात् ते इंग्रजी अक्षरांतून गेले. त्यामुळें मूळ उच्चार काय होता हें आज अनुमानानेंच ठरवावें लागतें. सव्वाशेंहून अधिक वर्षें चाललेल्या एका घोटाळ्याचें बीज ह्याच यादींतील एका नांवांत आहे. त्याची हकीकत पुढें येईल.

खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर. साइक्सनें त्याचें वर्णन पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेल्या माशावरून केलें. हा गोदावरी-कृष्णेकडील मासा. नर्मदा-तापीच्या बाजूस ज्या महासीराची नोंद शास्त्रज्ञ करतात तो तॉर तॉर ह्या निराळ्या जातीचा. लेखाच्या आरंभीं सांगितलेली दोन पूर्णांमधील रेघ ही अशा दोन जातींच्या मुलखांमधीलहि रेघ आहे.

पुढें फ्रान्सिस डे यानें हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यांतील मासेमारीची चौकशी करून १८७३ सालीं अहवाल दिला. लहान फासाचीं जाळीं, प्रवाहांत बसविलेले अडसर, चढणीच्या माशांची कत्तल आणि पाण्यांत विष कालविणें हीं मासे घटण्याचीं कारणें त्यांत ठिकठिकाणीं आलीं आहेत. गेळफळ व हिंगण यांच्या फळांनीं डोह नासवून मासे धरण्याची रीत आपल्याकडील खेड्यांनाहि अपरिचित नव्हती. अखेर १८९७ च्या चौथ्या कायद्यानें सुरुंगाची दारू व विष यांनीं मासे मारणें गुन्हा ठरलें. येथपर्यंतचा सर्व विचार, मग तो धर्माचा असो वा कायद्याचा, मनुष्याचा हात आवरण्याचा आहे.

ह्यापेक्षां निराळा विचार पाश्चात्य देशांत त्याच सुमारास रूढ होत होता. नदी, बांध व कारखाने यांमुळें सामन मासा घटला, तर त्याची अंडीं हातानें काढून, पाळण्यांत उबवून, पिलें नदींत सोडावीं, म्हणजे हात आवरण्याचें कारण राहणार नाहीं, असा तो विचार होता. कॅलिफोर्नियांत मॅक्लाउड नदीवर लिव्हिंग्स्टन स्टोन यानें १८७२ सालीं सरकारी केंद्र काढलें, व तेथील अंडीं दूरदूरच्या नद्यांस पाठविलीं. शंभर वर्षें केंद्रें वाढत गेलीं; तरीहि १९९१ सालीं स्नेक नदीचा सॉकाय सामन अमेरिकन सरकारास नामशेष होण्याच्या मार्गावरील प्राण्यांत घालावा लागला. बांध तसेच राहिले, आणि थोड्या जोडप्यांपासून निपजलेलीं केंद्रांतील पिलें रानटी माशांशीं खाद्यासाठीं व जागेसाठीं झगडूं लागलीं व त्यांच्या वंशांत मिसळूं लागलीं, असें तेथील शास्त्रज्ञांचें निदान आहे.

आपल्याकडे मत्स्यबीज पूर्वी पावसाळ्यांत नद्यांतून गोळा करीत; त्यांत हव्या त्या माशाबरोबर नको तेहि येत. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांतील अंगुल येथें हिरालाल चौधरी यांनीं पोषग्रंथीचा अर्क टोंचून तलावांतील माशांकडून अंडीं घालविलीं, आणि तेव्हांपासून बीज हें नदीवर अवलंबून राहिलें नाहीं. आज ज्यांस मत्स्यजिरे व बोटुकली म्हणतात तीं केंद्रांतून डब्यांनीं व पिशव्यांनीं गांवोगांवीं जातात. बुलढाणा जिल्ह्यांतील धरणांत व तलावांत रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यांतील म्हणून प्रसिद्ध असलेले मासे वाढतात, व मच्छीमार सहकारी संस्थांचा चरितार्थ त्यांवर चालतो. ह्या धंद्याचें महत्त्व कोणीहि नाकारणार नाहीं. उन्हाळ्यांत नद्या आटणाऱ्या ह्या मुलखांत धरणांतील बोटुकली नसती तर अनेक घरांची चूल पेटली नसती.

महासीराची कथा ह्याहून वेगळी व अधिक बोधप्रद आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीच्या जलाशयाकांठीं १९७० च्या सुमारास चिं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनानें खुद्रीच्या कृत्रिम पैदाशीचा प्रयोग झाला. पुढें त्यांना श. ना. ओगले यांचें साहाय्य लाभलें. महासीराचें अंडें मोठें व जड, पाण्याच्या तळाशीं बसणारें. म्हणून त्यास सामनाप्रमाणें वाहत्या पाण्याचे पाळणे मानवतात. पावसाळ्यांत पिकलेल्या मादीचीं अंडीं दाबून काढावीं, नराचें रेत त्यांवर कालवावें, आणि साधारण तीन-चार दिवसांत पिलूं बाहेर येतें. बांधांमुळें ज्याच्या चढणीच्या वाटा बंद झाल्या तो मासा वांचवावा हा हेतु शुद्ध होता, आणि प्रयोग यशस्वीहि झाला. वळवणचीं पिलें देशांतील अनेक नद्यांत गेलीं. त्यांत दक्षिणेची कावेरीहि होती.

कावेरींत तिचा स्वतःचा महासीर होता. पाठीस उंचवटा असलेला, नारिंगी परांचा हा मासा गळानें मासे धरणाऱ्या इंग्रज शिकाऱ्यांच्या लेखनांत अतिशय गाजलेला आहे. त्यास पुष्कळ काळ मुसुल्ला हेंच शास्त्रीय नांव लावीत. परंतु साइक्सचा मुसुल्ला हा शिरूरजवळच्या घोडनदींतील मासा. तो महासीरच नव्हे, तर दुसऱ्याच वंशाचा, हें पुढें मूळ वर्णन तपासणाऱ्या अभ्यासकांनीं दाखविलें. परिणाम असा झाला कीं, कावेरीचा जगप्रसिद्ध मासा निनांवी राहिला. ज्यास नांव नाहीं त्याची मोजदाद कोणत्या सदराखालीं करावी, व त्यास संकटग्रस्त तरी कसें ठरवावें? इकडे खुद्रीचीं पिलें कावेरींत वाढत होतीं. तेथील एका टप्प्यावर गळकऱ्यांनीं १९९८ ते २०१२ पर्यंत ठेविलेल्या टिपणवह्या २०१५ सालीं तपासून प्रसिद्ध झाल्या, तेव्हां बाहेरून आलेला निळ्या परांचा महासीर वाढत गेला व मूळचा उंच पाठीचा जवळजवळ दिसेनासा झाला, असें आढळलें. २०१८ सालीं त्याची जातिनिश्चिति झाली: केरळांतील पांबार ह्या कावेरीच्या उपनदीवरून आधींच वर्णिलेला तॉर रेमादेवी तो हाच. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय सूचींत तो अत्यंत संकटग्रस्त म्हणून चढला. म्हणजे नांव लागण्यास उशीर झाला, व तोंवर मासा जाण्याच्या बेतास आला.

ह्या कथेंत पुण्याच्या नदीवरील शब्द एका चुकीच्या माशास चिकटला, आणि लोणावळ्याचा मासा एका परक्या नदींत रुजला. दोन्ही गोष्टी महाराष्ट्रांतून गेल्या. दोष कोणा एकाचा नव्हे. तथापि मूळ लेख, मूळ स्थळ व मूळ नांव पडताळून पाहण्याचा जो नियम आपण सनदांस व महजरांस लावितों तो येथें वेळेवर लावला असता तर कावेरीच्या माशाची नोंद कित्येक वर्षें आधीं झाली असती.

माशाबरोबर रोगहि प्रवास करतो, हें दुसरें प्रकरण. सामनास होणाऱ्या गळवांच्या रोगाची चौकशी करण्यास इंग्लंडांत १९२९ सालीं समिति बसली व १९३७ सालीं मासळीच्या रोगांचा कायदा होऊन जिवंत सामनाच्या आयातीस प्रतिबंध झाला. नॉर्वेंत १९७० नंतरच्या दशकांत स्वीडनमधील केंद्रांच्या माशांबरोबर गायरोडॅक्टिलस नांवाचा सूक्ष्म कृमि आला. बाल्टिकच्या सामनास तो सोसतो, नॉर्वेच्या सामनास मात्र मारक ठरतो. त्याच्या उच्छेदासाठीं नॉर्वेच्या सरकारास कित्येक नद्यांतील सर्वच मासे औषध घालून मारावे लागले. आपल्या देशांत १९८८ सालीं ईशान्येकडे माशांच्या अंगावर खोल व्रण पडण्याची सांथ शिरली व थोड्या वर्षांत ती दूरवर पसरली. मरळासारख्या देशी माशांस तिचा फार उपद्रव झाला. अ‍ॅफॅनोमायसिस नांवाची पाण्यांतील बुरशी तिचें मूळ ठरली. जें बीज एका खोऱ्यांतून दुसऱ्या खोऱ्यांत जातें तें निरोगी आहे किंवा नाहीं हें पाहिल्याशिवाय सोडणें म्हणजे सांथीच्या गांवचा पाहुणा चौकशीवांचून घरांत घेणेंच होय.

आतां पुनः दोन पूर्णांकडे येऊं. ह्या जिल्ह्यांतील नळगंगा, विश्वगंगा व ज्ञानगंगा ह्या उत्तरेच्या पूर्णेस मिळणाऱ्या नद्या. पैनगंगा व खडकपूर्णा गोदावरीकडच्या. धरणें दोन्ही उतारांवर झालीं आहेत. तळ्यांत वाढवून तळ्यांतच धरण्याचा मासा निराळा, आणि ‘नदीचा मासा परत आणूं’ म्हणून नदींत सोडावयाचा मासा निराळा, हा भेद येथें कसोशीनें पाळला पाहिजे. उद्यां कोणी सद्हेतूनें महासीर सोडावयास निघाला तर उत्तरेच्या पूर्णेंत खुद्री व पैनगंगेंत तॉर तॉर जाण्याचा संभव आहे, आणि एकदां तसें झालें म्हणजे मूळची स्थिति कोणती होती हें सांगण्यास पाणी समर्थ राहणार नाहीं. तें सांगतील तर कागदच सांगतील.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी. सिंदखेडच्या जाधवरावांचा मोती तलाव व चांदणी तलाव, मेहकर-चिखलीकडील देवस्थानांचे डोह व कुंडें, पूर्णाकांठचे घाट व उतार यांसंबंधीं जे मोडी कागद आपणांजवळ असतील त्यांत मासेमारीचा मक्ता, मनाईचा ठराव, भोई-ढीवरांचा तंटा किंवा मेजवानीच्या यादींतील मासळी यांचा एका ओळीचाहि उल्लेख असल्यास तो वेगळा उतरून ठेवावा. माशाचा शब्द जसा लिहिला असेल तसाच, शुद्ध न करतां, घ्यावा. आणि पूर्णा म्हटलें असेल तेथें आसपासच्या गांवांच्या नांवांवरून ती कोणती हें लगेच टिपावें. कांठावरील वृद्ध भोयांच्या तोंडचीं नांवेंहि त्याच वहींत, गांव व डोह यांसह, लिहावींत. साइक्सनें तेंच केलें म्हणून आज आपणांस त्याच्याशीं वाद तरी घालतां येतो. अशा वीस-पंचवीस नोंदी दोन्ही खोऱ्यांतून जमल्या, तर बीज सोडणाऱ्यास विचारण्याचा पहिला प्रश्न, म्हणजे ह्या पाण्याचा मूळचा मासा कोणता, ह्याचें साधार उत्तर ह्या जिल्ह्यापुरतें तरी देतां येईल.